जेट डेकवर उतरवायचं म्हणजे काय : १९४५ ते विक्रांत, मागची गोष्ट

आपल्या नौदलाच्या पहिल्या कॅरियरवर, म्हणजे विमानवाहू जहाज विक्रांतवर, पहिलं जेट उतरलं १८ मे १९६१ला, ते सी हॉक होतं, आणि ते उतरवणारा लेफ्टनंट पुढे नौदलप्रमुख झाला, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. डिसेंबरात नौदल दिन आला की जुने फोटो फिरायला लागतात. त्या फोटोंत डेकवर एक तिरकी पट्टी दिसते, कडेला आरसा असतो, पुढच्या टोकाला वाफेचा कॅटपल्ट, म्हणजे विमानाला जोरात ढकलून उडवणारं यंत्र, असतो. या तिन्ही गोष्टी त्या जहाजाच्या मूळ नकाशात नव्हत्याच. जहाजाचा कणा घातला १४ ऑक्टोबर १९४३ला, पाण्यात सोडलं २२ सप्टेंबर १९४५ला, तेव्हा नाव होतं हर्क्युलीस, आणि त्या दिवशी जगातल्या एकाही कॅरियरवर जेट उतरलेलं नव्हतं. मधल्या दहा-बारा वर्षांत काय झालं ते बघितल्याशिवाय तो फोटो कळत नाही. मला त्याच काळातलं जास्त माहितीये त्यामुळे बाकीचं जरा घाईत उरकणारे, आधीच सांगतो.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती फारशी कुणी जोडून बघत नाही. महायुद्धाच्या ऐन मध्यात ब्रिटननं सोळा हलकी कॅरियर बांधायला काढली. घाईत, खालचा भाग तर व्यापारी जहाजांच्या नियमांनीच, युद्धापुरती तीनेक वर्षं टिकली तरी पुरे अशा हिशोबानं. पहिली दहा एका नकाशावर, उरलेली सहा थोड्या सुधारलेल्या. हर्क्युलीस त्या सहातली. आणि ओशन, वॉरियर, ट्रायम्फ, पर्सियस ही चार पहिल्या दहातली, म्हणजे विक्रांतच्या थोरल्या बहिणीच म्हणा. जेट समुद्रावर नेण्याचे ब्रिटनचे जे मोठे प्रयोग झाले त्यातले बरेचसे या चार बहिणींच्या डेकवर झालेत. त्यातला एक चांगलाच फसला असं म्हणतात, त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण मला ते 'फसला' पटत नाही.

सुरुवात ओशनपासून. ३ डिसेंबर १९४५, इंग्लिश चॅनल, जहाज चांगलंच डुलत होतं. हवा बघून आज नको असा निरोप जमिनीवर पाठवला होता म्हणे, पण तो पोचेपर्यंत पायलट निघालेला होता. विमान होतं व्हँपायर, लाकडाच्या नाकाचं, मागे दोन दांड्यांची शेपटी असलेलं, डेकवरच्या आडव्या तारेत अडकून थांबायला शेपटीखाली हुक बसवून घेतलेलं. पायलट ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट कमांडर, वयानं तरुण, उंचीनं छोटा, पण तोपर्यंत डेकवर उतरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. उतरला व्यवस्थित. पुढच्या लँडिंगमध्ये कळलं की फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या फळ्या) इतके खाली येतात की त्यांची कड डेकला लागतेय, मग फ्लॅपचा तेवढा तुकडा कापून टाकला आणि ट्रायल चालू. आज अशा गोष्टीला सहा महिने आणि तीन कमिट्या लागतील.

'पहिलं' कोण यावरून मात्र अजून भांडणं होतात. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ६ नोव्हेंबर १९४५ला, अमेरिकेचं फायरबॉल नावाचं विमान वेक आयलंड या एस्कॉर्ट कॅरियरवर जेट इंजिनाच्या जोरावर उतरलं होतं. पण हे फायरबॉल म्हणजे अर्धं-अर्धं प्रकरण, पुढे पिस्टन इंजिन आणि प्रोपेलर, मागे शेपटीत छोटं जेट. लँडिंगला येताना पुढच्या इंजिनानं दगा दिला, पायलटनं घाईघाईत मागचं जेट चालू केलं आणि कसंबसं शेवटच्या तारेपाशी विमान टेकवलं. आता याला पहिलं जेट लँडिंग म्हणायचं का? ठरवून केलेलं नव्हतं, आणि विमान शुद्ध जेट नव्हतं. मी ओशनच्याच बाजूचा. पण त्या पायलटची कमाल कमी होत नाही, रेकॉर्ड करायला गेलेल्या माणसापेक्षा जीव वाचवायला गेलेल्या माणसाचं लँडिंग जास्त अवघड असतं. अमेरिकेचं पूर्ण जेट, मॅकडॉनेलचं फँटम (व्हिएतनामवालं नव्हे, त्याच्या आधीचं त्याच नावाचं बारकं विमान), २१ जुलै १९४६ला फ्रँकलिन डी. रूझवेल्टवर उतरलं आणि उडालं, ते जहाज ओशनच्या तिप्पट वजनाचं. मे १९४८मध्ये सोळा फँटमची एक आख्खी स्क्वॉड्रन सायपान या कॅरियरवर तीन दिवसांत पास झाली.

मग अवघड काय होतं, उतरलं की जेट!

खरं म्हणजे दिसायला जेट सोपं होतं. सीफायरसारख्या प्रोपेलरच्या विमानात समोर लांबलचक इंजिन, त्यामुळे सरळ आलात तर डेक दिसतच नाही, वळत वळत यावं लागायचं आणि शेवटच्या क्षणी सरळ व्हायचं. जेटमध्ये पायलट नाकाशी बसलेला, डेक ताटात वाढल्यासारखा समोर. नाकाखाली चाक, त्यामुळे टेकल्यावर विमान पुन्हा उसळायचं कमी. त्रास इंजिनाचा होता. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल पुढे ढकलला की लगेच प्रोपेलरची हवा पंखांवरून वाहायला लागते, विमान उचलल्यासारखं होतं. थ्रॉटल मागे घेतला की तोच प्रोपेलर ब्रेक लावल्यासारखा ओढतो. सुरुवातीच्या जेटमध्ये यातलं काहीच नाही. थ्रॉटल ढकलून तुम्ही वाट बघायची, इंजिन आपल्या सवडीनं वेग घेणार, तेवढ्यात डेक संपलेला. आणि मागे घेतला तरी विमान गुळगुळीत, वेग कमी व्हायचं नाव घेत नाही. घाईत थ्रॉटल ढकलला तर इंजिन बंद पडायचीही भीती. म्हणून तर व्हँपायर कॅरियरवरच्या रोजच्या कामाला घेतलं नाही, इंजिन मंद आणि पोटात इंधन थोडं. अठरा सी व्हँपायर बनवले ते ट्रेनिंगला आणि प्रयोगाला वापरले.

त्यात बॅट्समन. डेकच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहून दोन हातात दोन बॅट घेऊन खुणा करणारा. ब्रिटिशांकडे दोन्ही बॅट वर म्हणजे 'वर ये' असा हुकूम, अमेरिकनांकडे तीच खूण म्हणजे 'तू वर आहेस', म्हणजे खाली ये. बरोब्बर उलटं! युद्धात दोन्ही नौदलं शेजारी शेजारी लढत होती तेव्हा याचा किती घोळ झाला असेल विचार करा, शेवटी ब्रिटिशांनी अमेरिकन पद्धत घेतली. पण मुद्दा तो नाही, मुद्दा असा की विमान सत्तर-ऐंशी नॉटनं येतं तोवर माणूस बघून, ठरवून, हात हलवून, समोरच्यानं ते बघून काही करायला वेळ मिळतो. वेग शंभरच्या वर गेला, पुढे सवाशेकडे गेला, की खूण पोचेपर्यंत विमान पुढच्या जागी.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे डेक सरळ होता. मागे तारा, पुढे बॅरियर म्हणजे तारांचं आडवं कुंपण, बॅरियरच्या पुढे आधी उतरलेली विमानं इंधन आणि दारूगोळ्यासकट उभी. हुकनं तार पकडली नाही तर प्रोपेलरवालं विमान बॅरियरमध्ये अडकायचं, प्रोपेलर वाकडा, पायलट शिव्या देत बाहेर. जेटला पुढे प्रोपेलर नाही, बॅरियरची तार नाकावरून घसरत सरळ कॉकपिटकडे येणार. मग अमेरिकनांनी नाकाच्या चाकाला लागल्यावर उसळून मागची चाकं पकडणारा वेगळा बॅरियर काढला, त्याच्यामागे नायलॉनच्या पट्ट्यांची उंच जाळी लावली. ठिगळावर ठिगळ. कोरियाच्या युद्धात ३ जुलै १९५०ला अमेरिकेच्या व्हॅली फोर्ज या कॅरियरवरून पँथर जेट उडाली, कॅरियरवरच्या जेटची ती पहिली लढाई, तेव्हा डेक सरळच होते. १६ सप्टेंबर १९५१ला एसेक्स या कॅरियरवर एक जखमी बँशी जेट सगळं ओलांडून पुढे उभ्या विमानांत घुसलं, आग लागली, सात माणसं गेली.

म्हणजे हे टेस्ट फ्लाइंग नावाला विमानाचं होतं, परीक्षा जहाजाचीच चालली होती.

आता रबराचा डेक. मराठीत याच्याबद्दल वाचायला मिळालंच तर दोन ओळींत आणि चेष्टेच्या सुरात मिळतं, ब्रिटिश लोकांनी डेकवर रबराची गादी घातली आणि बिनचाकाची विमानं पोटावर आपटली, हा हा. मला वाटतं हे अर्धवट आहे.

मूळ विचार काय होता ते बघा. १९४५च्या आसपास जेट इंजिनांत दम कमी, प्रत्येक किलो जड. चाकं, त्यांचे पाय, हायड्रॉलिक, दारं, हे सगळं वजन उडताना नुसतं पोटात घेऊन फिरायचं, कामाला येणार उतरतानाची काही मिनिटं. वरून पुढची विमानं पातळ पंखांची असणार हे दिसत होतं, त्या पंखांत चाक ठेवायला जागाच नाही. आणि प्रोपेलर तर गेलाच आहे, म्हणजे पोटावर उतरलं तर आपटून मोडण्यासारखं खाली काही लोंबत नाही. मग चाकंच नकोत! डेक मऊ करा. हा वेडेपणा नाही, एका खऱ्या प्रश्नाला दिलेलं सरळ उत्तर आहे. पूर्ण विचार केलेलं नाही एवढंच.

आधी जमिनीवर करून बघितलं, फार्नबरोला, ब्रिटनच्या विमान-संशोधन केंद्रात. हवा भरलेल्या रबरी नळ्यांचे थर एकावर एक, त्यावर ताणलेलं रबरी कातडं, आणि त्याच्या तोंडाशी आडवी एकच तार. चार-पाच नाही, एकच. पायलट तोच, ओशनवाला. २९ डिसेंबर १९४७ला पहिल्यांदा व्हँपायर घेऊन आला, जरा खाली आला, हुक कडेला आपटून वर जाऊन अडकलं, शेपटी आपटली आणि विमान नाक खाली करून रबरात घुसलं. विमानाचं भंगार झालं, पायलटला ओरखडा नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी प्रकल्प बंद. त्यांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि मार्च १९४८मध्ये पुन्हा उतरवलं, जमलं. मग वॉरियरवर तसाच डेक बसवला आणि ३ नोव्हेंबर १९४८ला समुद्रावर पहिलं लँडिंग. पोट मजबूत केलेले खास सी व्हँपायर बनवून घेतले होते, तीन. चाकं वर, हुक खाली, सरळ उंची धरून यायचं, हुकनं तार पकडली की विमान थपकन गादीवर पालथं, थोडं डचमळतं आणि गप्प. लँडिंग होत होती. पुन्हा पुन्हा होत होती, वेगवेगळ्या पायलटकडून होत होती. हे मी मुद्दाम लिहितोय कारण 'अयशस्वी चाचणी' हा शब्द इथे चिकटवला जातो आणि तो चुकीचा आहे. जी गोष्ट तपासायची होती ती पास झाली.

नापास झालं ते त्याच्यापुढचं. पालथं पडलेलं विमान आता हलवायचं कसं? चाकं तर नाहीत. क्रेननं उचला, ट्रॉलीवर ठेवा, ट्रॉली ढकलत न्या, तोपर्यंत मागचं विमान आकाशात इंधन जाळत फिरतंय. कॅरियरवर एकामागून एक विमानं अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतरानं उतरतात, हे गणित बसतच नव्हतं. उडवायचं तरी ट्रॉलीवरून. आणि जहाजापर्यंत पोचता आलं नाही, हवा बिघडली, जहाजच जखमी झालं, तर जमिनीवर कुठे उतरणार? जगातल्या प्रत्येक विमानतळावर रबराची गादी आणि क्रेन आणि ट्रॉली लागणार. चाकं विमानातून काढली ती जमिनीवर सगळीकडे वाटावी लागली, नाकापेक्षा मोती जड तसं. तेवढ्यात इंजिनंही तगडी व्हायला लागली, मग वाचवलेल्या वजनाची किंमत दर वर्षी कमी होत गेली.

बंद करायचा निर्णय लगेच झाला नाही, रेंगाळला, आणि वाद इथे आहे. एक बाजू म्हणते की युद्धानंतर देश कर्जात बुडालेला, लोक रेशनच्या रांगेत, आणि तुम्ही वर्षानुवर्षं रबरावर पैसे घालताय, १९४८च्या शेवटालाच कळायला हवं होतं. दुसरी बाजू म्हणते की पुढची विमानं कशी असतील हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि हातात चालणारी गोष्ट टाकून देणं सोपं नसतं. मला दुसरी बाजू पटते, थोडा पक्षपात समजा. पण पहिल्या बाजूचा एक मुद्दा खोडता येत नाही. विमान कंपन्यांनी या डेकसाठी बिनचाकाची विमानं आखायला घेतली होती, एका कंपनीचं डिझाइन बरंच पुढे गेलं होतं, मग सांगितलं गेलं की चाकं पाहिजेत. पंख मोठे आणि जाड करावे लागले, ते विमान ३१ ऑगस्ट १९५१ला उडालं, १९५२मध्ये ईगल या कॅरियरवर उतरलं, आणि त्याच वंशात पुढे सिमिटर हे नौदलाचं जेट आलं. म्हणजे एका न घेतलेल्या निर्णयानं एका विमानाची काही वर्षं खाल्ली. आणि गंमत बघा, अमेरिकनांनीही १९५५मध्ये कूगर जेट घेऊन जमिनीवर रबरी डेक करून बघितला, मग सोडून दिला. हसायचं तर दोघांना हसा.

पण मी याला एवढी जागा देतोय त्याचं खरं कारण पुढेच आहे. ऑगस्ट १९५१मध्ये जी बैठक झाली ती या बिनचाकाच्या विमानांचं जहाजावर काय करायचं यावरच होती. रबरी डेक मागे, त्याच्यापुढे विमानं उभी, आणि तार हुकली तर बिनचाकाचं विमान थांबणार कशानं? तिथे एका नौदल कॅप्टननं कागदावर डेकचा आकार काढून लँडिंगची रेघ डावीकडे दहा अंश तिरकी ओढली. तार हुकली तर सरळ पुढे जा, समोर कोणी नाही, समुद्र आहे, उडून जा, फिरून ये. सुरुवातीला लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, थोडी टिंगलही झाली. फार्नबरोच्या एका इंजिनियरनं मात्र ते उचललं, आणि दोघांनी मिळून पुढे नेलं. चाकं असलेल्या विमानांनाही हेच पाहिजे होतं हे लक्षात आल्यावर रबराची गरजच संपली. म्हणजे रबरी डेकच्या पोटातूनच त्याला मारणारा निघाला.

तिरका डेक तपासायला जहाज कापावं लागलं नाही. फेब्रुवारी १९५२, ट्रायम्फ. सरळ डेकवरच्या जुन्या खुणा झाकून रंगानं नवी तिरकी रेघ मारली आणि पायलटना सांगितलं, हुक खाली घेऊ नका, टेका आणि जा. तारा जुन्या दिशेतच होत्या, त्या हलवल्या नव्हत्या, म्हणून थांबायचं नाहीच. रंगाचे काही डबे आणि अख्ख्या कॅरियरचा इतिहास बदलला. त्याच वर्षी अमेरिकनांनी आपल्या मिडवे या कॅरियरवर हेच केलं आणि मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे बोलत न बसता अँटिटम या दुसऱ्या कॅरियरला बाजूला लोखंडाचा भाग जोडून खराखुरा तिरका डेक बांधूनच टाकला, जानेवारी १९५३मध्ये पहिलं लँडिंग. ब्रिटिश सी हॉक आणि अटॅकर मग त्याच वर्षी अँटिटमवर जाऊन उतरून आले. कल्पना ब्रिटिशांची, डेक अमेरिकेचा.

नावाचाही घोळ होता. आधी 'स्क्यूड' म्हणायचे, मग 'अँगल्ड', कुणी 'कँटेड'. मराठीत 'कलता डेक' असं लिहिलेलं वाचलंय, ते चुकीचं चित्र उभं करतं, डेक कलत नाही, तो सपाटच असतो, फक्त धावायची दिशा जहाजाच्या दिशेला तिरकी. तिरका म्हणा, पुरे.

तिरक्या डेकनं पायलटिंगच बदललं. आधी बॅट्समननं 'कट' दिला की थ्रॉटल बंद करायचा आणि विमान पडू द्यायचं, आता उलटं, पॉवर ठेवूनच टेकायचं, आणि टेकल्यावर थ्रॉटल पुढे. तार मिळाली तर थांबाल, नाही मिळाली तर उडाल. वर जी इंजिनाची मंदगती सांगितली तिचं उत्तर हेच, इंजिन कधी मंद होऊच द्यायचं नाही.

आरसा हा त्याचा जोडीदार. डेकच्या कडेला एक खोलगट आरसा, जहाजाच्या मागच्या टोकाकडून त्यावर दिव्यांचा झोत, त्याचा आरशात दिसतो एक ठिपका, दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग. मधला ठिपका रांगेच्या वर दिसला तर तुम्ही वर, खाली दिसला तर खाली. जहाज डुललं तरी जायरोनं (तोल धरणाऱ्या फिरत्या चक्रानं) आरसा स्थिर. सुचवणाऱ्या अधिकाऱ्यानं ऑफिसातल्या सेक्रेटरीचा छोटा आरसा आणि लिपस्टिक घेऊन टेबलावरच दाखवलं म्हणतात, आरशावर आडवी रेघ मारली, लिपस्टिक टेबलावर उभी केली, आरशातलं तिचं टोक रेघेवर ठेवत चालत ये म्हणाला, सेक्रेटरीची हनुवटी बरोबर टेबलावर टेकली. १९५२मध्ये इलस्ट्रियस या कॅरियरवर ट्रायल. बॅट्समनचं काम हळूहळू बदललं.

राहिला कॅटपल्ट. जुना हायड्रॉलिक, जड जेटला पुरेना. वाफेचा कॅटपल्ट म्हणजे जहाजाच्या बॉयलरचीच वाफ डेकखालच्या लांब सिलिंडरमध्ये, सिलिंडरला वरून खाच, पिस्टन आणि डेकवरची, विमानाला ओढणारी शटल त्या खाचेतून जोडलेले, पिस्टन पुढे गेला की मागची खाच बंद होत जाते. अशा खाचेच्या सिलिंडरवरून जर्मन व्ही-१ बॉम्ब सोडत असत, ते बघून घेतलं होतं, पण ज्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं हे बनवलं त्याच्या डोक्यात ते युद्धाच्या आधीपासूनच होतं. हे तपासलं पर्सियसवर, १९५०पासून. आधी चाकांवरची वजनं समुद्रात फेकली, मग बिनपायलटची जुनी विमानं, मग माणूस बसवलेली. १९५२च्या सुरुवातीला पर्सियस अमेरिकेला नेलं, फिलाडेल्फियात धक्क्याला बांधलेल्या जहाजावरून, वारा मागून असताना, जेट उडवून दाखवली. यजमानांनी मग फार भाव केला नाही, घेऊनच टाकला.

आता परत हर्क्युलीस. युद्ध संपलं, पैसे संपले, १९४७पासून अर्धवट अवस्थेत पडून. याच काळात तिच्या बहिणींवर वर सांगितलेलं सगळं चाललेलं. जानेवारी १९५७मध्ये आपण विकत घेतलं आणि बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करायला दिलं. अर्धवट असल्याचा फायदा असा की तोडफोड न करता तिरका डेक, वाफेचा कॅटपल्ट, आरसा तिन्ही बसवता आले. ओशनवाल्यांना यातलं काहीच मिळालं नव्हतं. आपण तयार ताटावर बसलो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, गरीब देशानं असंच करायचं असतं.

सी हॉकची स्क्वॉड्रन ७ जुलै १९६०ला वेल्समध्ये उभी राहिली, विमानाचं इंजिन नीन, जेटचा पाइप मधोमध दोन भागांत फुटून पंखांच्या मुळाशी बाहेर येणारा, त्यामुळे मागच्या पोटात इंधनाला जागा. व्हँपायरच्या तोंडचा घास जिथे तुटला तिथलाच धडा. ४ मार्च १९६१ला जहाज नौदलात, १८ मेला पहिलं लँडिंग, ३ नोव्हेंबरला मुंबई. महिन्या-दीड महिन्यात गोवा मोकळा झाला आणि पुढे १९६४पासून दाबोळी हे नौदलाच्या या विमानांचं घर झालं. तिथल्या लोकांना सी हॉकचा आवाज अजून आठवतो.

डेक आधुनिक होता पण जहाज तेच घाईत बांधलेलं. १९७१मध्ये चारपैकी एका बॉयलरला तडे, वेग पडलेला. वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी, वारा कमी म्हणजे जेटला कॅटपल्टवरून सुटल्यावर हवेत टिकायला अडचण, वर त्याच बॉयलरवर कॅटपल्टही अवलंबून. तरी बांगलादेशच्या युद्धात ४ डिसेंबरला सी हॉक कॉक्स बझारवर हल्ल्याला गेली. वारा नेहमी आपल्या बाजूनं असतो असं नाही, त्या दिवसांत जहाजानं वारा शोधत फिरायचं म्हणजे रोजचं काम.

सी हॅरियर १९८३च्या डिसेंबरात दाबोळीला आली, उभी उतरणारी, त्यांना तार नको. १९८७ ते ८९च्या दुरुस्तीत विक्रांतचा कॅटपल्ट काढून पुढे स्की-जंप, म्हणजे टोकाशी वर वळलेला चढ, बसवला. १९९७ला जहाज निवृत्त, मग मुंबईत म्युझियम, मग २०१४मध्ये भंगारात. मी शाळेतून गेलो होतो बघायला, आम्हाला तोफा आणि हेलिकॉप्टर दाखवलं, त्या तिरक्या रेघेवर उभं राहून डबे खाल्ले. तिच्या लोखंडातून पुण्याच्या एका कंपनीनं मोटरसायकल काढली ते सगळ्यांनी बघितलंच.

उभं उतरण्याचा काळही गेला. मिग-२९के आलं आणि हुक-तारा परत आल्या. यासाठी गोव्यात दाबोळीच्या तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि तारा बांधल्या, फार्नबरोच्या त्या गादीचंच हे नातेवाईक, आधी जमिनीवर आपटून बघा मग समुद्रावर जा. आपलं नौदलाचं तेजस २७ एप्रिल २०१२ला उडालं, डिसेंबर २०१४मध्ये गोव्यातल्या स्की-जंपवरून, पण जमिनीवर पहिल्यांदा तार पकडली १३ सप्टेंबर २०१९ला. एवढा उशीर का यावर बरीच टीका झाली, त्यातली काही रास्त आहे, पण डेकसाठी विमान मजबूत करायला लागलं की वजन वाढतं आणि वजन वाढलं की इंजिन अपुरं पडतं, हे १९४५चंच चक्र. ११ जानेवारी २०२०ला विक्रमादित्यवर लँडिंग झालं, दुसऱ्या दिवशी स्की-जंपवरून उड्डाण. ६ फेब्रुवारी २०२३ला नव्या विक्रांतवर. २०२२मध्ये रफाल आणि सुपर हॉर्नेट हीसुद्धा गोव्यातल्याच स्की-जंपवरून उडून दाखवायला आली होती, त्यातल्या रफालचा करार २०२५च्या एप्रिलमध्ये झाला, सव्वीस विमानांचा.

नव्या विक्रांतवर तिरका डेक आहे, तारा आहेत, आरशाच्या जागी आता लेन्सचे दिवे आहेत. कॅटपल्ट नाही. तो आपल्याकडे एकाच जहाजावर होता, १९६१ ते १९८७.